शोभेचे झुडूप आणि शेजारचे रान

२०१४ च्या फेब्रुवारीत काळ्या समुद्राकाठच्या सोची शहरात हिवाळी ऑलिंपिक सामने झाले. त्यासाठी रशियाने क्रीडागारे उभारली, रस्ते बांधले, लोहमार्ग टाकला आणि यजमान शहराच्या रीतीप्रमाणे उद्यानेही सजविली. या सजावटीसाठी इटलीतून बॉक्सची झुडपे मागविण्यात आली. बारीक, चिवट, गर्द हिरवी पाने, बारा महिने न झडणारा पर्णभार आणि कात्रीने द्यावा तो आकार निमूटपणे धारण करण्याचा स्वभाव, यांमुळे चेंडूसारखे गोल कातरलेले बॉक्स ही युरोपीय उद्यानकलेची जणू राजमुद्राच होऊन बसली आहे. २०१२ साली ही रोपे सोचीत आली तेव्हा त्यांच्याबरोबर एक न बोलावलेला पाहुणाही उतरला. पांढऱ्या पंखांना तपकिरी काठ असलेला हा पूर्व आशियातील पतंग. त्याच्या अळ्या बॉक्सच्या पानांवरच पोसतात.

सोचीलगत खोस्ता येथे यू आणि बॉक्स या वृक्षांचे एक प्राचीन रान राखून ठेवलेले आहे. म्हणजे ज्या शहराच्या वेशीवर बॉक्सचे नैसर्गिक रान उभे होते, त्याने शोभेसाठी बॉक्स समुद्रापलीकडून आणले! दोन-तीन वर्षांत अळ्यांनी ते रान निष्पर्ण केले. पाने संपल्यावर त्यांनी कोवळी सालही कुरतडली आणि शेवाळाने मढलेली जुनी झाडे उभ्या उभ्या वाळली. तेथून ही धाड अबखाझिया आणि जॉर्जियाच्या डोंगरांत शिरली. २०१६ मध्ये कास्पियन समुद्राकाठच्या इराणी अरण्यांतही हा पतंग आढळला. ही राने एका बुरशीजन्य रोगाने आधीच जर्जर झालेली होती. पतंगाने उरलेसुरले काम पुरे केले. सामने सतरा दिवसांत आटोपले. रानाची झीज भरून यायला किती पिढ्या लागतील, याचा हिशेब त्या सोहळ्याच्या जमाखर्चात कोणी मांडल्याचे दिसत नाही.

बॉक्स अत्यंत सावकाश वाढते आणि शतकानुशतके जगते. त्याचे लाकूड इतके घट्ट की ओले असताना पाण्यात बुडते. लाकडी ठशांवरचे नाजूक कोरीवकाम, बासऱ्या, बुद्धिबळाच्या सोंगट्या यांसाठी ते पूर्वीपासून नावाजलेले. धाकट्या प्लिनीने आपल्या टस्कनीतील वाड्याच्या वर्णनात बॉक्स कातरून केलेल्या प्राण्यांच्या आकृत्यांचा उल्लेख केला आहे, तर सतराव्या शतकात ले नोत्रने व्हर्सायच्या ताटव्यांना याच झुडपाची नक्षीदार किनार दिली. तेव्हा हा शौक काही आजचा नव्हे. बदलली आहे ती त्या शौकाची घाई.

जुना माळी छाट कलमे लावी आणि दहा-पंधरा वर्षे वाट पाही. आजच्या गिऱ्हाइकाला, मग तो बंगलेवाला असो वा ऑलिंपिकची संयोजन समिती, उद्घाटनाच्या दिवशी तयार गोल हवा असतो. सावकाश वाढणारे झाड घाईने हवे असले की ते दुसऱ्याने दुसरीकडे वाढविलेलेच घ्यावे लागते. म्हणून मोजक्या मोठ्या रोपवाटिका वर्षानुवर्षे हे गोल जोपासतात आणि मुळांच्या मातीसकट मालमोटारींतून देशोदेशी धाडतात. सारे गोल एकसारखे दिसावेत म्हणून ती बहुधा एकाच वाणाची कलमे असतात. एकाला जे बाधते ते सर्वांना बाधते. शिवाय वारंवार कातरल्याने झुडपाची बाहेरची कड दाट होते, पण आतली हवा कोंडते, पाने ओली राहतात आणि बुरशीला हवे ते मिळते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात इंग्लंडमध्ये बॉक्सवर आलेला करपा पुढे युरोपभर पसरला आणि २०११ मध्ये अमेरिकेतही आढळला. छाटणी कोरड्या हवेत करावी, कात्री दर झाडागणिक स्वच्छ पुसावी, झुडपाच्या पोटातील काही फांद्या विरळ कराव्यात, झडलेली पाने मुळाशी साचू देऊ नयेत हे जाणता माळी सांगतच असतो. परंतु तसे विरळ झुडूप तितके गुळगुळीत दिसत नाही, आणि बाजारात भाव गुळगुळीतपणाला असतो.

पतंगाची गोष्ट याहून अवघड आहे. त्याच्या लहान अळ्या दोन पाने रेशमाने जोडून त्यांत हिवाळा काढतात. हिवाळ्यात गाडीवर चढणारे हिरवेगार झुडूप म्हणूनच वरवरच्या तपासणीत निर्मळ दिसते आणि वसंतात, नव्या मालकाच्या दारी, त्याचे खरे रूप कळते. युरोपात हा पतंग २००७ मध्ये जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात नोंदला गेला. तेथून जवळच ग्रेन्झाखला जर्मनीतील बॉक्सचे सर्वांत मोठे नैसर्गिक रान आहे. तीनेक वर्षांत ते ओरबाडले गेले. म्हणजे सोचीच्या खरेदीपूर्वी धोक्याची सूचना मिळाली नव्हती असे म्हणता येणार नाही. २०२१ मध्ये कॅनडातील एका रोपवाटिकेची झुडपे अमेरिकेच्या सहा राज्यांत पोहोचली आणि त्यांतून हा पतंगही गेला, तेव्हा अमेरिकेने मे महिन्यात कॅनडातून येणारे बॉक्स अडविले. रोपे तोवर दुकानांत जाऊन विकली गेली होती.

रोपवाटिकांच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो. पतंग स्वतः उडतो, त्याला सरहद्दीची ओळख नाही, मग व्यापाराला का धरावे? पतंग उडतो हे खरेच. पण तो इटलीहून काळा समुद्र ओलांडून नेमका ऑलिंपिकच्या बागेत उतरला, असे मानायला फारच भाबडेपणा लागेल. शेजारच्या गावात पसरणे हे त्याच्या पंखांचे काम; समुद्र आणि पर्वत ओलांडणे हे मालवाहतुकीचे. पहिल्याला आवर घालणे कठीण आहे. दुसऱ्याला आवर घालता येतो, आणि म्हणूनच तो न घालणे हा गुन्हा ठरतो.

हे सारे परदेशातले म्हणून महाराष्ट्राने सोडून द्यावे असेही नाही. बॉक्सच्या जागी इकडे कुंती आहे. गर्द पानांची, पांढऱ्या सुगंधी फुलांची, कातरली की गोल बसणारी कुंती बंगल्यांच्या कुंपणाला लावण्याची हौस जुनी आहे. कुंती संत्र्या-लिंबाच्याच कुळातली. आणि संत्र्यावर ग्रीनिंग रोग पसरविणारा सिट्रस सायला हा किडा तिच्यावरही सुखाने नांदतो. हा किडा अंडी घालतो ती फक्त कोवळ्या नवतीवर. बागेत संत्र्याला नवती ठरावीक दिवसांत येते. कुंपणाची कुंती मात्र दर छाटणीनंतर पुन्हा फुटते. कात्री जितकी नेमाने चालेल तितका किड्याचा पाळणा बारमाही हलता राहील.

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याने याची किंमत मोजली आहे. तेथे हा किडा १९९८ मध्ये प्रथम सापडला तो घरगुती बागेतील कुंतीवर, आणि नंतर राज्यभर फिरला तो पुष्कळसा विक्रीच्या कुंतीबरोबरच. २००५ मध्ये ग्रीनिंग रोग उघड झाला. १९९७-९८ च्या हंगामात या राज्याने सुमारे २४ कोटी ४० लाख पेट्या संत्री पिकविली होती. २०२२-२३ पासूनच्या हंगामांत हा आकडा दोन कोटींच्याही आत आला. या घसरणीत चक्रीवादळांचा आणि वाढत्या वस्तीचा वाटा आहेच. मुख्य हात मात्र रोगाचा आहे.

विदर्भाची स्थिती वेगळी आहे, हे मान्य केले पाहिजे. कुंती या भूमीचीच आहे, सायलाही येथे नवा नाही, आणि कुंती उपटली म्हणजे काटोल-वरूडच्या बागा निरोगी होतील असे कोणी समजू नये. पण संत्र्याच्या बागायतदाराने फवारणीवर पैसे खर्चावेत आणि बांधापलीकडच्या विश्रामगृहाभोवती तोच किडा सरकारी कात्रीच्या आश्रयाने वाढावा, यातील विसंगती कोणालाही दिसावी. फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी महाराष्ट्रात १९६९ पासून कायदा आहे. त्या कायद्याच्या नावात फळ आहे. कुंतीला खाण्याजोगे फळ धरत नाही, एवढ्यावरून ती निरुपद्रवी ठरत नाही.

रस्तादुभाजकांसाठी आणि उद्यानांसाठी नगरपालिका निविदा काढतात, तेव्हा झुडपाची उंची, घेर आणि नग यांचा तपशील बारकाईने लिहिलेला असतो. रोप कोठे वाढले, त्यावर कोणती कीड पोसते आणि लावणीच्या जागेपासून त्याच कुळातले पीक किती अंतरावर आहे, हे तीन रकानेही त्याच कागदावर मावतील. बाहेरून आलेली रोपे लावणीपूर्वी एक नवती फुटेपर्यंत वेगळी ठेवावीत, अशी अट घातल्यास उद्घाटन थोडे लांबेल, इतकेच. आणि संत्रापट्ट्यात गोल हिरवे कुंपणच हवे असेल तर मेंदी आहे, एक्झोरा आहे; दोन्ही कात्री सोसतात आणि दोन्हींचे संत्र्याशी नाते नाही.