मोटारीचा टीकाकार आणि मराठी

नटाचें, गवयाचें किंवा पहिलवानाचें चरित्र एखाद्या वाङ्मयविषयक मासिकांत छापून आलें, तर कोणाच्याहि कपाळाला आठी पडत नाहीं. परंतु मोटारींविषयीं लिहिण्यांत ज्यानें उभें आयुष्य घालविलें अशा पत्रकाराच्या कारकीर्दीवर कांहीं लिहावें, असें आम्ही बोलून दाखवितांच आमचे साहित्यिक स्नेही हसूं लागतात. 'यंत्राचें कसलें आलें आहे वाङ्मय?' हा त्यांचा सवाल. हें हसणें नुसतें अज्ञानाचें असतें, तर आम्ही तें सोडून दिलें असतें. पण त्याची किंमत हसणारांना द्यावी लागत नाहीं. ती आमच्या मंडणगडासारख्या, जेथें आगगाडी येत नाहीं अशा तालुक्यांतील माणसांना द्यावी लागते. म्हणून थोडें कडक लिहिणें आम्हांस भाग आहे.

प्रथम वाङ्मयाची गोष्ट. इंग्लंडांत एल. जे. के. सेटराइट नांवाचा लेखक होऊन गेला (१९३१–२००५). शिक्षणानें कायद्याचा पदवीधर, वृत्तीनें संगीताचा भोक्ता, आचारानें धर्मनिष्ठ यहुदी, आणि धंदा म्हणाल तर मोटारींवर लिहिणें. 'कार' मासिकांतील त्याचे लेख लोक मोटार घेण्यासाठीं वाचीत तसेच केवळ त्याच्या भाषेसाठींहि वाचीत. २००२ सालीं त्यानें 'ड्राइव्ह ऑन!' हा मोटारीचा सामाजिक इतिहास प्रसिद्ध केला. यंत्राच्या इतिहासांतून माणसांचा इतिहास वाचतां येतो, हें ज्यास कळलें आहे त्याला वाङ्मयाच्या पंक्तींत पाट नाकारणारे आम्ही कोण?

सेटराइट परका म्हणून सोडून द्या. मुंबईचें उदाहरण घ्या. सोली सोराबजी हे देशाचे महान्यायवादी होते; त्यांच्या कन्या झिया मोदी यांचेंहि नांव कायद्याच्या क्षेत्रांत अग्रभागीं घेतलें जातें. अशा घरांतल्या होरमझद सोराबजींनीं मोटारींचा नाद धरला, आणि १९९९ सालीं 'ऑटोकार इंडिया' या मासिकाचें संपादन हातीं घेतलें. त्याच्या आदल्याच वर्षीं आदिल जाल दारूखानावाला यांच्या संपादकत्वाखालीं 'ओव्हरड्राइव्ह' निघालें होतें. मूळचें इंग्रजी 'ऑटोकार' १८९५ चें. नव्या गाडीची रस्त्यावर पद्धतशीर परीक्षा घेण्याचा पायंडा त्यानें १९२८ सालीं पाडला. गाडी किती सेकंदांत शंभराच्या वेगास पोंचते, ब्रेक दाबल्यावर किती मीटरांत थांबते, लिटरभर तेलांत खरोखर किती किलोमीटर जाते, हें स्वतः मोजावयाचें आणि कारखानदाराच्या आंकड्यांशीं ताडून पाहावयाचें, अशी ही रीत आहे. पुस्तक न वाचतां मलपृष्ठावरून अभिप्राय लिहिणारे टीकाकार आमच्याकडे थोडे नाहींत. त्यांनीं ही रीत मोटारवाल्यांकडून शिकावी.

पण हें सर्व इंग्रजींत चाललें. प्रीमियर पद्मिनी कुर्ल्यास तयार होत असे. १९९८ सालीं लोकांसमोर आलेली इंडिका पिंपरीची. बजाजची रिक्षा आकुर्डीची. आणि चाकणच्या माळावर तर परदेशी कारखान्यांचीहि वसाहत झाली. गाडीचे बोल्ट आंवळणारा हात मराठी, आणि तिचा गुणदोष सांगणारी लेखणी इंग्रजी! यांत सोराबजी-दारूखानावालांचा कांहींएक दोष नाहीं. त्यांनीं मराठीस कसलेंहि वचन दिलेलें नव्हतें. दोष आमचा, मराठी शिकल्यासवरलेल्यांचा.

मराठी दैनिकांच्या मोटारविषयक पुरवण्या उघडून पाहा. अपवाद असतील, आणि असल्यास त्यांस आमचा नमस्कार. बहुतेक ठिकाणीं मात्र गाडी 'देखणी', 'दणकट' आणि 'दमदार' असते. रंग किती, पडदा केवढा, किंमत काय, एवढें सांगून लेख संपतो. शेजारींच त्याच गाडीची पानभर जाहिरात. लेखकास कारखानदारानें दूरच्या पंचतारांकित हॉटेलांत उतरवून, जेवूं घालून, गुळगुळीत रस्त्यावर तासभर गाडी चालवावयास दिलेली असते. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही आमची जुनी म्हण त्या पानांवर रंगीत छपाईंत वाचावयास मिळते.

यानें असें काय बिघडतें, म्हणून विचारणारे आहेतच. त्यांस १९९७ सालची हकीकत सांगतों. स्वीडनमधील एका मोटारविषयक नियतकालिकाचा पत्रकार रॉबर्ट कॉलिन यानें मर्सिडीझची नवीकोरी 'ए-क्लास' गाडी रस्त्यांत सांबर आडवें आल्यास चुकविण्याच्या कसोटीस लावली. गाडी उलटली. एवढा बलाढ्य कारखाना. पण अखेर त्याला विक्री थांबवावी लागली आणि घसरण आंवरणारी विद्युत्-योजना त्या जातीच्या सर्व गाड्यांत बसवावी लागली. एका लेखणीचा हा प्रताप! आतां आमच्याकडची हकीकत. २०१४ च्या जानेवारींत 'ग्लोबल एनकॅप' या लंडनच्या संस्थेनें भारतांत खपणाऱ्या आल्टो, नॅनो, फिगो, आय-टेन आणि पोलो या पांच गाड्या ताशीं ६४ किलोमीटर वेगानें अडथळ्यावर आदळून पाहिल्या. हवेची उशी नसलेल्या त्या पांचहि गाड्यांना मोठ्या माणसांच्या संरक्षणासाठीं शून्य तारे मिळाले. या गाड्या घेऊन आमचे लोक वर्षानुवर्षें घाट उतरत होते, आणि पुरवण्या त्यांचे रंग मोजीत होत्या.

मंडणगडांत बसून हें वाचणाऱ्यास तें नुसत्या बातमीसारखें वाटत नाहीं. येथें बाळंतीण असो, सर्प चावलेला असो, परीक्षेस निघालेला विद्यार्थी असो, सर्वांची भिस्त रस्त्यावर. एका अंगास वेसवीहून बागमांडल्यास नेणारी जंगलजेटी, दुसऱ्या अंगास म्हाप्रळ-आंबेतचा पूल, आणि मधें वळणें, जांभ्याचा निसरडा चिखल व आषाढांतलें धुकें. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्रीवरील इंग्रजी अमदानींतला दगडी पूल दोन एस.टी. गाड्यांसकट वाहून गेला. तीच सावित्री पुढें आमच्या बाणकोटास समुद्राला मिळते. २८ जुलै २०१८ रोजीं शेजारच्या दापोलीच्या कृषिविद्यापीठाची बस आंबेनळी घाटांत कोसळली. तींतला एकच माणूस वांचला. अपघाताच्या दुसऱ्या दिवशीं शोकाचे अग्रलेख लिहिणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. पुलाचें वय काय, कठडा कोणत्या मापाचा, बसच्या टायरांची नक्षी किती उरली, हें आदल्या दिवशीं विचारणारा कोण आहे? हें विचारणें ज्याचें काम, तोच मोटारीचा पत्रकार.

साधी गोष्ट घ्या. डिझेल वांचावें म्हणून उतारावर गाडी 'न्यूट्रल' करून, कधीं इंजिनच बंद करून सोडणारे चालक आम्ही पाहिले आहेत. इंजिन बंद पडलें कीं ब्रेकला मिळणारें त्याचें साहाय्य थोड्याच वेळांत संपतें, आणि मग पाय कितीहि दाबला तरी गाडी आंवरत नाहीं. ज्या गिअरमध्यें घाट चढावा त्याच गिअरमध्यें तो उतरावा, हें जुन्या चालकांचें शहाणपण. त्याचें कारण सोप्या मराठींत समजावून देणारे दोन स्तंभ किती जीव वांचवितील! पण तें लिहिल्यानें कोणाची गाडी खपत नाहीं, आणि कोणास पारितोषिकहि मिळत नाहीं.

मराठींत त्यासाठीं शब्द नाहींत, हा शेवटचा आक्षेप तर निव्वळ आळसाचा. आमच्या नाक्यावरील मिस्त्रीस शब्दांची वाण नाहीं. गाडीला 'ओढ' नाहीं, चढावर ती 'दम टाकते', मागचा 'पाटा' मोडला आहे, 'पिकप' बसला आहे, असें तो सहज बोलतो, आणि समोरच्यास तें तत्काळ कळतें. ब्रेक आणि क्लच हे शब्द तर आतां आमच्या आजीबाईंच्याहि तोंडीं आहेत. भाषाशुद्धीच्या भरांत कोणी त्यांना संस्कृत वेष चढविला नाहीं, म्हणजे झालें.

तेव्हां मराठी संपादकांस आमची मागणी आहे, ती अशी. एक चांगला लिहिणारा तरुण निवडा. त्यास कारखानदाराचें जेवण घेण्याची बंदी करा आणि पगार तुम्ही द्या. परीक्षेची गाडी उसनी न आणतां ज्यानें ती कर्ज काढून घेतली आहे त्याच्याकडून भाड्यानें आणा. पहिली परीक्षा कोठें घ्यावी म्हणाल, तर आषाढांत म्हाप्रळच्या खाडीकांठापासून मंडणगडपर्यंतच्या चढावर, पांच माणसें आणि तांदळाचें एक पोतें घालून घ्यावी; आणि तोच रस्ता रात्रीं उतरून झाल्यावर काय दिसलें, तें जसेंच्या तसें छापावें.