काम मक्त्याने देता येते, जबाबदारी नाही

वांगणीच्या बैठकीत एका वयस्क शेतकऱ्याने आम्हाला सरळच विचारले, "विमान उडवणाऱ्यांच्या युनियनचे आपल्या कागदात काय काम? आमच्या पाड्यावर एसटी येत नाही, तिचे लिहा." प्रश्न बरोबर होता. जव्हार-मोखाड्याच्या या डोंगरात नागली आणि वरी पिकते. आमच्या बहुतेक वाचकांच्या रानात कापूस आणि ज्वारी आहे. विमानाचे तिकीट यातल्या कोणाच्याच खिशात नाही. तरीही या अंकात आम्ही विमानाचेच लिहिणार आहोत. का, ते शेवटपर्यंत वाचल्यावर समजेल. एसटीचेही त्यातच येईल.

विमान आता कपाशीच्या रानापर्यंत आले आहे. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावर मुंबईचे पहिले प्रवासी विमान उतरले. ते अलायन्स एअरचे होते, सत्तरेक माणसांचे, पंख्याचे छोटे विमान. ही अलायन्स एअर १९९६ मध्ये जन्माला आली. त्या वेळची सरकारी इंडियन एअरलाइन्स ही तिची आई. मोठ्या कंपनीचे पगार, भत्ते आणि करार जड झाले होते, म्हणून वेगळी कंपनी काढून तिला वेगळे पगार आणि वेगळ्या सेवाशर्ती दिल्या. पुढे जवळच्या पल्ल्याचे, लहान गावांचे काम याच कंपनीकडे गेले. आकाश तेच, धावपट्टी तीच, जोखीम तीच. पण मोठ्या विमानाचा पायलट एका यादीत आणि छोट्याचा दुसऱ्या यादीत. २०२२ च्या जानेवारीत एअर इंडिया टाटांकडे गेली. अलायन्स एअर मात्र सरकारकडेच राहिली.

जगभर यालाच 'रिजनल' उड्डाण म्हणतात आणि जगभर पायलटांच्या संघटना त्यावरून भांडत आल्या आहेत. मोठी कंपनी म्हणते, लहान पल्ला आमच्या पगारात परवडत नाही, तो दुसऱ्याला मक्त्याने देऊ. युनियन म्हणते, आमचे काम बाहेर देऊ नका. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे आणि दोघांच्याही बोलण्यात लबाडी आहे. ती लबाडी ओळखणे शेतकऱ्याच्या कामाचे आहे.

१९९२-९३ चा हिवाळा

१९९२ च्या डिसेंबरात इंडियन एअरलाइन्सच्या पायलटांनी संप केला. सरकारने तोडगा काढला तो असा : परदेशातून विमाने भाड्याने आणायची, आणि तीही चालवणाऱ्या माणसांसकट. विमानवाल्यांच्या भाषेत याला 'वेट लीज' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर ट्रॅक्टर, नांगर आणि ड्रायव्हर सगळे भाड्याचे. ९ जानेवारी १९९३ रोजी उझबेकिस्तानकडून असे घेतलेले एक विमान हैदराबादहून दिल्लीला आले आणि दाट धुक्यात उतरताना उलटून पेटले. आत १६५ माणसे होती. नशीब थोर, एकही दगावला नाही. नागरी विमान वाहतूक मंत्री माधवराव शिंदे यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला.

वांगणीच्या माणसांना ते साल वेगळ्या कारणाने आठवते. त्याच १९९२-९३ सालात वावर-वांगणीच्या पाड्यांवर मुले कुपोषणाने मेली. नकाशावर कोणी न शोधलेले हे गाव देशभरच्या वर्तमानपत्रांत आले. मंत्री आले, अधिकारी आले. मग मृत्यू भुकेचा की आजाराचा यावर वाद झाला. आरोग्य खाते, आदिवासी विकास खाते, महिला-बालकल्याण, रेशनचे दुकान, रोजगार हमी, इतक्या हातांतून एका मुलाचे जेवण जायचे. त्यातले नेमके कोणाच्या हातून सांडले हे ठरवायचे कोणी? १९९५ मध्ये या सगळ्या खात्यांना एकत्र बांधण्यासाठी नवसंजीवन योजना आणावी लागली, यातच सगळे आले.

एका ठिकाणी एकही माणूस न मरता जबाबदारी घेणारे नाव होते. दुसऱ्या ठिकाणी मुले गेली आणि जबाबदारी खात्याखात्यांत वाटली गेली. वाटून घेतलेली जबाबदारी कोणाचीच नसते. आमच्या आजच्या लेखाचा मुद्दा एवढाच आहे.

पायलट पायलटाविरुद्ध

आता युनियनचे पाहू. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या. पाटी एक झाली, पगारपत्रके दोन राहिली. २०११ च्या एप्रिल-मे महिन्यांत पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या पायलटांनी समान पगारासाठी दहा दिवस संप केला. व्यवस्थापनाने त्यांच्या युनियनची मान्यता काढली. पुढच्याच वर्षी पूर्वीच्या एअर इंडियाच्या पायलटांनी संप केला, तो ५८ दिवस चालला. त्यांची तक्रार काय होती? नव्या ड्रीमलायनर विमानाचे प्रशिक्षण दुसऱ्या गटाच्या पायलटांनाही का देता, ही. शंभरावर पायलट बडतर्फ झाले आणि शेवटी दिल्ली उच्च न्यायालयात आश्वासन देऊन संप मागे घ्यावा लागला. म्हणजे आधी एका गटाने बरोबरी मागितली आणि मग दुसऱ्या गटाने बरोबरीला विरोध केला. दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ. दोन्ही वेळा प्रवासी विमानतळावर बसून राहिले.

खाजगीत काय? २००९ मध्ये मुंबईच्या जेट एअरवेजच्या पायलटांनी संघटना नोंदवली. तिच्या पुढाऱ्यांना कामावरून काढले तेव्हा सप्टेंबरमध्ये शेकडो पायलट एकाच दिवशी 'आजारी' पडले. पाच दिवसांत कंपनीला समझोता करावा लागला. ज्यांना आपण सूटबूटवाले साहेब म्हणतो त्यांनाही एकजुटीशिवाय कोणी विचारत नाही, हा त्यातला धडा. आणि दुसरा धडा २०१९ चा : १७ एप्रिलला जेट बंद पडली तेव्हा त्याच पायलटांचे कित्येक महिन्यांचे पगार थकलेले होते. चांगला पगार ही हमी नव्हे. ऊस उत्पादकांना थकलेल्या बिलाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

यात पायलटांची वकिली करण्याचा आमचा हेतू नाही. बुडत्या एअर इंडियाला सावरण्यासाठी २०१२ मध्ये सरकारने सुमारे ३० हजार कोटी रुपयांचा आराखडा मंजूर केला. तो पैसा शेतकरीही काडेपेटीपासून डिझेलपर्यंत कर भरून देतो. कापसाला रास्त भाव मागितला की तिजोरी रिकामी असते. तेव्हा ज्यांनी वर्षानुवर्षे फक्त आतल्या माणसांचे भत्ते सांभाळले, त्यांच्या युनियनने कंपनी बुडण्यात आपला वाटा किती हेही सांगितले पाहिजे. आतल्यांचे तेवढे राखायचे आणि नवीन पोरांना वाऱ्यावर सोडायचे, असे जी युनियन करते ती मक्तेदारालाच आवतण देते.

बफेलोचा अपघात

अमेरिकेत हे सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त झाले. तिथल्या मोठ्या कंपन्यांनी लहान गावांची उड्डाणे लहान कंपन्यांना दिली. मोठ्या पायलटांच्या युनियननी करारात एक कलम घातले : इतक्या आसनांपर्यंतचेच विमान बाहेर द्यायचे, त्यावरचे नाही. कलम चांगले दिसते. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की तेवढ्या आसनांखालचे काम आणि ते करणारी माणसे युनियनने स्वतःच सोडून दिली.

१२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलो शहराजवळ असे एक विमान पडले. विमानातली ४९ आणि जमिनीवरचा एक, अशी ५० माणसे गेली. विमानावर रंग आणि नाव मोठ्या कंपनीशी, कॉन्टिनेंटलशी, जोडलेले. चालवणारी कंपनी दुसरीच, कोल्गन नावाची. सहपायलट तरुण मुलगी होती, पगार तुटपुंजा. देशाच्या दुसऱ्या टोकाहून, सिएटलहून, रात्रभर प्रवास करून ती कामावर आली होती. चौकशीत मूळ कारण कॅप्टनची चुकीची कृती असे ठरले, पण त्याबरोबर थकवा आणि प्रशिक्षण हेही प्रश्न चव्हाट्यावर आले. मेलेल्यांच्या नातेवाइकांनी पाठपुरावा केला आणि २०१० मध्ये कायदा झाला. त्यात एक साधी गोष्ट आहे : तिकीट विकतानाच विमान खरोखर कोण चालवणार ते गिऱ्हाइकाला सांगायचे. पाटी एकाची आणि माल दुसऱ्याचा, हे लपवून चालणार नाही.

आपल्या देशातही थकव्याचा प्रश्न पायलटांच्या संघटनांनी न्यायालयात नेला. त्यामुळे आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली आणि रात्रीच्या उतरण्याला मर्यादा आली. डिसेंबर २०२५ मध्ये देशातली सर्वांत मोठी कंपनी, इंडिगो, या नियमांना तयार नसल्याचे उघड झाले. हजारो उड्डाणे रद्द झाली. आणि सवलत कोणाला मिळाली? तयारी न करणाऱ्या कंपनीला. बाजारातला दोनतृतीयांशाच्या आसपास हिस्सा एकाच हातात असला की कायदाही वाट बघत उभा राहतो. एकाच व्यापाऱ्याच्या यार्डात कापूस घेऊन गेलेल्याला हे ठाऊक आहे.

आपल्या दारातले विमान

आता जमिनीवर येऊ. २०१७ मध्ये एसटीने शिवशाही गाड्या आणल्या. त्यातल्या कितीतरी गाड्या भाड्याच्या होत्या : गाडी कंत्राटदाराची, चालक कंत्राटदाराचा, पाटी एसटीची. उझबेकी विमानात आणि यात फरक फक्त चाकांचा. २०२१ च्या ऑक्टोबरपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एसटी कामगारांचा संप चालला. त्याचे हाल वांगणीसारख्या ठिकाणी सर्वांत जास्त झाले. जव्हारच्या दवाखान्यात जाणारी बाई आणि शाळेची पोरे पायी गेली. त्या कामगारांचा पगार कमी होता हे खरे, आणि संपाच्या मागण्यांत पाड्यावरची फेरी कोठे नव्हती हेही खरे.

कापसाचे पाहा. एकाधिकार खरेदी योजना १९७२ मध्ये सुरू झाली. तिच्याविषयी शंभर तक्रारी होत्या, पण मालक कोण ते माहीत होते. नंतर पणन महासंघ कापूस महामंडळाचा, म्हणजे सीसीआयचा, दलाल म्हणून खरेदी करू लागला. ग्रेडरशी भांडावे तर तो म्हणतो वरून आदेश. महासंघ म्हणतो सीसीआयला विचारा. सीसीआय म्हणते दिल्लीला विचारा. वड्याचे तेल वांग्यावर, आणि गाडीत कापूस भिजतो शेतकऱ्याचा.

आम्ही शेतकीची पदवी घेऊन बाहेर पडलो तेव्हा काही दिवस एका बियाणे कंपनीचे काम केले. एका हंगामात बियाणे उगवले नाही. शेतकरी आमच्या दारात आले, आम्ही त्यांना घेऊन कंपनीच्या दारात गेलो. तिथे उत्तर मिळाले, हा माणूस आमचा नोकर नाही, एजन्सीचा आहे. त्याने काय सांगितले त्याला आम्ही बांधील नाही. पेरणी गेली ती गेलीच. त्या दिवशी आम्हाला मक्त्याचा अर्थ कळला.

आणि वांगणीचे? दिवाळीनंतर इथली कुटुंबे वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडे, वसईकडे. आगाऊ रक्कम मुकादम देतो, हिशेबही तोच ठेवतो. पोर आजारी पडले तर मालक म्हणतो माझा व्यवहार मुकादमाशी. पायलट आणि वीट पाडणारा यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण "तो माझा माणूस नव्हे" हे वाक्य दोघांनीही ऐकले आहे.

आपल्या अंगणातही पाहा

भावांनो, मायबहिणींनो, इथे थांबून स्वतःकडेही पाहिले पाहिजे. मळणीयंत्र आपण भाड्यानेच आणतो, नांगरटही भाड्याने करतो. त्यात पाप नाही. तीन एकराच्या धन्याने ट्रॅक्टर विकत घ्यावा असे आम्ही कधी सांगणार नाही. छोट्या गावाला छोटे विमान आणि कमी खर्चाची कंपनी असेल तर त्यातही पाप नाही. पण कापूस वेचणाऱ्या बायकांना किलोमागे काय मिळते, मुकादमाच्या हातून त्यांच्या हातात किती पडते, वेचताना कोणाला साप चावला तर खर्च कोण देतो, हे आपल्यापैकी कितीजण विचारतात? ज्याला स्वतःच्या बांधावर हा प्रश्न विचारवत नाही, त्याला सीसीआयच्या दारात तो विचारण्याचा अधिकार कमी होतो.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवत आहोत. त्यावर चर्चा व्हावी, आवश्यक तर भांडणही व्हावे.

एक : प्रत्येक खरेदी केंद्रावर, नाकारलेल्या मालाचा आणि थकलेल्या पैशाचा जबाबदार अधिकारी कोण, त्याचे नाव आणि हुद्दा ठळक पाटीवर लागले पाहिजे. दलाल असो, महासंघ असो, शेतकऱ्याच्या दृष्टीने शेवटचा धनी एकच असावा.

दोन : कोणत्याही संपाला पाठिंबा देण्याआधी आपण दोन प्रश्न विचारावेत. कंत्राटावरचा माणूस तुमच्या मागणीत आहे का? आणि शेवटच्या पाड्याची फेरी तुमच्या मागणीत आहे का? दोन्हींचे उत्तर 'हो' असेल तर आपण बरोबर. नसेल तर त्यांनी आधी घर सुधारावे.

तीन : आपल्या गावात वेचणीला, तोडणीला येणाऱ्या माणसांचा हिशेब मुकादमाच्या नव्हे तर त्यांच्या हातात, सर्वांसमोर व्हावा. सुरुवात संघटनेच्या कार्यकर्त्यांच्या शेतापासून व्हावी.

बैठक संपल्यावर त्या वयस्क शेतकऱ्याला आम्ही हेच सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे विमानाला काय न् एसटीला काय, धनी कोण तेवढे विचारायचे." आम्हाला दीड हजार शब्द लागले. त्याला एक वाक्य पुरले.