सही करण्याआधी विचारा : नस दुखावली तर?

खुब्याचा सांधा बदलणं आता नवलाचं राहिलं नाही. बहुतेकांना फायदाच होतो, हे आधीच सांगतो. पण एक गोष्ट पेशंटला क्वचितच नीट सांगितली जाते. सायटिक नस या सांध्याच्या मागून, अगदी जवळून जाते. ऑपरेशनमध्ये ती ताणली किंवा दाबली गेली तर पाऊल लोंबतं, पायात चप्पल राहत नाही. पहिल्या ऑपरेशनात हे साधारण १०० पैकी एखाद्याला होतं. सांधा दुसऱ्यांदा बदलताना किंवा आखूड पाय लांब करताना धोका वाढतो. काहींची नस काही महिन्यांत सुधारते, काहींची पूर्ण कधीच नाही.

दरवेळी डॉक्टरांची चूक असतेच असं नाही. म्हणून दवाखान्यात तोडफोड नको. पण आधी सांगायला काय हरकत आहे? पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केलंय. आणि आपल्याकडे? इंग्रजी फॉर्म पुढे सरकवायचा, "इथं सही करा."

मंडळी, फॉर्म मराठीत मागा. "आमच्या पेशंटला धोका किती?" हे तोंडावर विचारा. ऑपरेशननंतर पाऊल वर उचलत नसेल तर लगेच डॉक्टरांना सांगा. विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे, तो आपला हक्क आहे.