सॉकेट सहा, वायर एकच

१६ जून २०२५ रोजी कोलकात्यातील खिदिरपूरच्या ऑरफनगंज बाजाराला भीषण आग लागली आणि शेकडो दुकाने भस्मसात झाली. त्या आगीच्या कारणांविषयी तर्क करण्याचा मला अधिकार नाही. मात्र तारण मालाच्या पाहणीसाठी या परिसरातील दुकानांत जाताना एक दृश्य वारंवार दिसते. भिंतीवर एकच जुना सॉकेट, त्यात एक्स्टेंशन बोर्ड, त्या बोर्डात दुसरा बोर्ड आणि त्यावर पंखा, किटली, इस्त्री, चार्जर. हटकले तर ठरलेले उत्तर मिळते, "साहेब, बोर्डाला ब्रेकर आहे!"

माझ्या मते हे उत्तर अर्धेच खरे आहे. चेकबुकात पाने पंचवीस असली म्हणून खात्यातील शिल्लक वाढत नाही; तद्वतच बोर्डावर सॉकेट सहा असले म्हणून भिंतीतील वायरची क्षमता वाढत नाही. आपल्याकडील साधा सॉकेट ६ अँपिअरचा असतो. २३० व्होल्टला तो सुमारे १,३८० वॅटचा भार पेलतो. हजार वॅटची इस्त्री आणि दीड हजार वॅटची किटली एकाच वेळी सुरू केली, तर प्रवाह जवळपास ११ अँपिअर होतो. प्रवाह दुप्पट झाला की वायरमधील उष्णता चौपट होते. बोर्डावरचा ब्रेकर १६ अँपिअरचा असेल, तर त्याच्या लेखी सारे काही मर्यादेतच असते. तो पडत नाही. भिंतीतील सॉकेट मात्र तापत राहतो.

सैल पिनेपाशी निर्माण होणारी उष्णता किंवा माणसाच्या शरीरातून जाणारा अल्प परंतु प्राणघातक प्रवाहही हा ब्रेकर ओळखत नाही. विजेच्या धक्क्यापासून संरक्षणासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि योग्य अर्थिंग यांची स्वतंत्र व्यवस्था हवी.

उपाय खर्चिक नाहीत. प्लग व सॉकेट आयएस १२९३ या भारतीय मानकानुसार बनवलेले, आयएसआय चिन्हाचेच घ्यावेत. बोर्डात बोर्ड लावू नये. हीटर, गीझर, एसी यांच्यासाठी १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट परवानाधारक तंत्रज्ञाकडून बसवून घ्यावा. ब्रेकर वारंवार पडत असेल तर भार कमी करावा. त्याजागी मोठा ब्रेकर बसवणे म्हणजे पहारेकऱ्यालाच झोपेची गोळी देणे होय.

आपण बँकवाले मालाचा साठा मोजतो, विम्याची मुदत तपासतो. पण त्याच मालामागे तापलेल्या वायरकडे पाहत नाही. पाहणी अहवालात वायरिंगविषयी एक ओळ असावी, असे मी सुचवतो. अर्थात त्याआधी आपल्या शाखेतील काउंटरखालच्या बोर्डांकडेही वाकून पाहावे लागेल. विमा जळालेल्या मालाची भरपाई देऊ शकेल. दुकानाच्या माळ्यावर झोपलेल्या कामगाराची नाही.