एआयला कामाला ठेवा, पण गल्ल्यावर बसवू नका



हल्ली प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, एआय वापरायचं की नाही?" चॅटजीपीटी आलं नोव्हेंबर २०२२ मध्ये, आणि बघता बघता ते आपल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये येऊन बसलं. त्यामुळे वापरायचं की नाही हा प्रश्न आता उरलेलाच नाही. कोणतं काम त्याला द्यायचं आणि कोणतं स्वतःच्या हातात ठेवायचं, एवढंच ठरवायचं आहे.

माझं मत आधीच सांगतो. ज्या कामातली चूक तुम्हाला स्वतःला पकडता येते, ते काम एआयला बिनधास्त द्या. जी चूक तुम्हाला पकडता येणार नाही, तिथे त्याच्यावर विसंबू नका.

फायदा कुठे आहे?

भाषेच्या कामात. आपल्यातले कितीतरी जण धंद्यात हुशार असतात, पण सुरतच्या नाहीतर दिल्लीच्या व्यापाऱ्याला इंग्रजीत मेल लिहायचा म्हटलं की हात थबकतो. आता मराठीत बोलायचं, मेल तयार. उधारी थकलेल्या गिऱ्हाइकाला नम्र पण ठाम मेसेज हवाय? दोन मिनिटांत मिळतो. एक्सेलचं सूत्र अडलंय? विचारा, लगेच सांगतो. हे सगळं मी माझ्या दुकानात रोज वापरतो, कारण मेसेज वाचला की तो बरोबर आहे की नाही हे मला कळतं.

अजून एक उपयोग सांगतो, तो फार थोडे लोक करतात. त्याला म्हणा, "तू बँकेचा मॅनेजर आहेस. माझ्या धंद्यात खोट काढ, मला अवघड प्रश्न विचार." कर्जासाठी बँकेत जायच्या आधी अशी तालीम केली तर पाय लटपटत नाहीत.

आता तोटे. इथे नीट लक्ष द्या.

पहिला तोटा: एआय चुकतं, पण अगदी ठामपणे चुकतं. पाकीटबंद, लेबल लावलेल्या नमकीनवर पूर्वी १२ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला. जुन्या माहितीवर शिकलेलं एआय तुम्हाला अजूनही १२ टक्के सांगू शकतं, आणि तेही अडखळता. कराचा दर, लायसन्स, योजनेची मर्यादा या गोष्टी सरकारी वेबसाइटवर बघा किंवा सीएला विचारा.

दुसरा तोटा मला सगळ्यात मोठा वाटतो. लोक आता प्रोजेक्ट रिपोर्टसुद्धा एआयकडून करून घेतात. कागद देखणा होतो, तक्ते, टक्केवारी, सगळं असतं. पण त्यातले आकडे तुमच्या गल्लीतले नसतात.

चकलीच्या धंद्याचं उदाहरण घेऊ. समजा साहित्य, तेल, गॅस, पॅकिंग धरून किलोला २४० रुपये खर्च आला आणि दुकानदाराला तुम्ही ३२० ने माल दिला. किलोमागे ८० रुपये सुटले. रोज १० किलो म्हणजे ८०० रुपये. महिन्याचे २६ दिवस धरले तर २०,८०० रुपये. रिपोर्टमध्ये हा आकडा बघून माणूस खूश होतो!

आता खरा हिशेब करा. मदतीला येणाऱ्या ताईंची मजुरी रोज ४०० रुपये. अर्धा किलो चकली तुटली, ती विकली गेली नाही, १६० गेले. माल पोचवायला रिक्षा, १०० गेले. उरले १४०. महिन्याचे झाले ३,६४० रुपये, आणि त्यात तुमची स्वतःची मेहनत अजून धरलेलीच नाही.

मजुरी, तूट, रिक्षा हे तुम्ही सांगितलं नाही, तर एआय ते धरेलच असं नाही. आणि सांगणार कसं? ते आधी तुम्हाला माहीत हवं! म्हणून पाच किलोचा घाणा स्वतः काढून बघा. चार दुकानांत जाऊन भाव विचारा. जिथे माल विकायचाय तिथे दोन संध्याकाळ उभे राहा आणि गिऱ्हाईक मोजा. मग ते आकडे एआयला द्या, तो छान मांडून देईल. कर्ज एआय फेडणार नाहीये, हप्ता तुमच्या खात्यातून जाणार आहे.

तिसरा तोटा: बोलतं एआय, निस्तरायचं आपण. जवसाच्या लाडवाची जाहिरात लिहायला सांगितली, तर ते सहज लिहून जाईल, "मधुमेहावर रामबाण." वाचायला बरं वाटतं, पण खाद्यपदार्थाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्न सुरक्षा कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला भाड्यातल्या सवलतीचा चुकीचा नियम सांगितला होता. कंपनीचं म्हणणं, चॅटबॉट त्याच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे. २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने ते फेटाळलं आणि प्रवाशाला सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर द्यायला लावले. एवढ्या मोठ्या कंपनीला हात झटकता आले नाहीत, तर आपण कोण?

चौथा तोटा विश्वासाचा. उधारीच्या वहीचा फोटो काढून एआयमध्ये टाकू नका. कोणाकडे किती बाकी आहे, हे गिऱ्हाइकाने तुमच्यावर विश्वास ठेवून तुमच्यापाशी ठेवलेलं असतं. बेरीज करून हवी असेल तर नावं आणि नंबर काढून फक्त रकमा द्या.

एआय फसवणाऱ्यांच्याही हातात आहे, हे विसरू नका. पेमेंटचा खोटा स्क्रीनशॉट बनवणं आता सोपं झालंय. त्यामुळे साउंडबॉक्स वाजल्याशिवाय किंवा स्वतःच्या खात्यात पैसे दिसल्याशिवाय माल देऊ नका. ओळखीच्या आवाजात "अर्जंट पैसे पाठव" असा फोन आला, तर ठेवा आणि आपल्याकडच्या नंबरवर उलटा फोन लावा. फसलात तर लाज न बाळगता लगेच १९३० वर कळवा.

शेवटी एवढंच म्हणेन. नवीन पोऱ्या कामाला ठेवला की आपण त्याला पहिल्या दिवशी गल्ल्याची किल्ली देत नाही. माल लावायला सांगतो, त्याचं काम तपासतो. एआयलाही तसंच ठेवा. पण त्याआधी आजच एक काम करा. तुमच्या धंद्याचा एका दिवसाचा हिशेब वही-पेन घेऊन स्वतः मांडा, मजुरी आणि तूट धरून. तो जमला, की एआय चुकलं तरी तुम्हाला कळेल.