मोकळा बाजार कोणासाठी मोकळा?

1991 सालापासून देशातील राज्यकर्ते जनतेला एकच मंत्र पढवीत आले आहेत : सरकारने बाजारातून हात काढून घ्यावा, म्हणजे मागणी-पुरवठ्याचा नियमच उत्पादकाला न्याय देईल. या मंत्राची परीक्षा घ्यावयाची तर निफाड तालुक्याइतके योग्य ठिकाण नाही. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत या कांद्याच्या दोन मोठ्या बाजारपेठा याच तालुक्यात आहेत.

2020 च्या सप्टेंबरातील घटनाक्रम पाहावा. एरवीच्या परिस्थितीत कांद्यावर साठ्याचे नियंत्रण नसावे, असे सांगणारे विधेयक लोकसभेने 15 तारखेला संमत केले. आदल्याच दिवशी त्याच सरकारने कांद्याची निर्यात बंद केली होती! पुढे 2023 च्या ऑगस्टात 40 टक्के निर्यात शुल्क आले, डिसेंबरात पुन्हा बंदी आली. ती मे 2024 मध्ये उठली, परंतु शुल्क संपूर्ण जाण्यास 1 एप्रिल 2025 उजाडला.

याउलट भाव कोसळतो तेव्हा काय होते? 2018 च्या अखेरीस या तालुक्यातील एका शेतकऱ्याला 750 किलो कांद्याचे 1,064 रुपये मिळाले. ती रक्कम त्याने मनिऑर्डरने पंतप्रधानांकडे पाठविली. त्या वेळी मात्र बाजाराचा नियम पवित्र ठरला. केंद्राच्या किमान आधारभूत किमतींच्या यादीत कांद्याला आजही स्थान नाही. भाव चढला की नियंत्रण, पडला की स्वातंत्र्य : हेच या संक्रमणाचे खरे अर्थशास्त्र होय.

शहरातील कामगाराला स्वस्त कांदा नको काय, असा प्रश्न विचारला जाईल. अवश्य हवा. परंतु तो शेतकऱ्याच्या तोट्यातून का पुरवावा? अन्न स्वस्त ठेवले की मजुरीही कमी ठेवता येते आणि त्याचा लाभ अखेर भांडवलाच्या पदरात पडतो. शेतकरी आणि कामगार यांना परस्परांविरुद्ध उभे करणे ही या धोरणाची सर्वांत मोठी लबाडी आहे.

म्हणून सरकार हवे की बाजार, हा वादच फसवा आहे. सरकार कोणाच्या बाजूने हस्तक्षेप करते, हा खरा प्रश्न आहे. उत्पादनखर्चावर आधारलेला हमीभाव, मंदीत शेतकऱ्याकडून थेट खरेदी, तेजीत त्याच साठ्यातून रास्त दराने शहरांना पुरवठा, उत्पादकांच्या सहकारी मालकीची साठवणूक आणि लागवडीपूर्वी जाहीर होणारे निर्यात धोरण, या मागण्या घेऊन कार्यकर्त्यांनी गावोगावी गेले पाहिजे.

1980 च्या ऊस-कांदा आंदोलनात याच तालुक्यात, खेरवाडीला, गोळीबार झाला. मार्च 2023 मध्ये दिंडोरीहून लाल बावट्याखाली मोर्चा निघाला, तेव्हा कुठे राज्य सरकारने कांद्याला क्विंटलमागे 350 रुपये अनुदान कबूल केले. निफाडच्या शेतकऱ्याला बाजाराने आपणहून काही दिलेले नाही. जे मिळाले ते संघटित लढ्याने मिळाले, आणि उरलेलेही त्याच मार्गाने मिळवावे लागेल.