दुपारी एक वाजता तपासा

आमच्याकडे बघणाऱ्याला आधी कातडी दिसते, मग केस, मग पापण्या. तेवढ्यावर त्याचं बघणं भागतं. मला अल्बिनिझम आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत नोकरी करते. गावात बाया हळूच 'कोड फुटलंय' म्हणायच्या, शाळेत पोरं 'इंग्रजीण' म्हणायची, आणि आजीच्या मैत्रिणींचं ठाम मत, की डोहाळ्यांत आईनं केशराचं दूध जरा जास्तच प्यायलं असणार. गोरी सून शोधत गावं पालथी घालणाऱ्या याच बाया! असो.

कोड वेगळं. त्यात असलेला रंग पुढे कधीतरी जातो. आमच्या अंगात मेलॅनिन हे रंगद्रव्य जन्मापासूनच तयार होत नाही, किंवा फार कमी होतं. बहुतेक वेळा आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच हे घडतं. ते दोघं चारचौघांसारखे सावळे असतात आणि प्रत्येक बाळंतपणात असं मूल होण्याची शक्यता चारात एक. माझी आई ही वडिलांच्या मामाची मुलगी. आपल्याकडे रीतीचंच लग्न, पण त्यात एकच जनुक दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता वाढते. गरोदर बाईनं ग्रहणात भाजी चिरल्यानं असं मूल होत नाही.

मला बोलायचंय ते डोळ्यांबद्दल. मेलॅनिन कमी असलं की डोळा घडत असतानाच पडद्याचा मधला भाग, ज्यानं आपण बारीक अक्षर वाचतो, तो नीट तयार होत नाही. मेंदूकडे जाणाऱ्या नसांची वाटही बदलते. बुबुळं सारखी हलत राहतात. म्हणून चष्म्यानं नजर पूर्ण सुधारत नाही. मला पहिल्या बाकावरूनही फळा वाचता येत नसे. शेजारणीच्या वहीतून उतरवून घेतलं, की 'कॉपी करते' म्हणून छडी. आज फळ्याचा फोटो मोबाइलवर मोठा करून वाचता येईल, पण शाळेत मोबाइलला बंदी. मोठ्या अक्षरांची प्रश्नपत्रिका, खिडकीकडे पाठ होईल अशी जागा, प्रार्थनेला सावली. याला पैसे किती लागतात?

दिव्यांगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात अल्बिनिझमचं वेगळं नाव नाही. आम्ही बसतो 'अल्पदृष्टी'त, आणि आरक्षणासारख्या सवलती हव्यात तर 40 टक्के भरावे लागतात. मोजणी होते खोलीत, तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावून. तिथं मला बऱ्यापैकी दिसतं. दुपारी एक वाजता एसटी स्टँडवर उभं करून तपासा की! गाडी समोर लागते, उन्हानं डोळे दिपून पाटीचा नुसता पांढरा चौकोन दिसतो, आणि शेजाऱ्याला विचारावं तर तो म्हणतो, "शिकलेल्या दिसताय, वाचा की." हे मी एका डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, फॉर्ममध्ये उन्हाचा रकाना नाही." बरोबर आहे त्यांचं. माझं भांडण त्या फॉर्मशीच आहे.

कातडीचा प्रश्न खोटा नाही. मेलॅनिन नसलेली त्वचा उन्हात भाजते आणि पुढे कर्करोगाचा धोका असतो. टांझानियाचं नाव आपल्याकडे आलंच, तर अल्बिनिझम असलेल्यांवर जादूटोण्यापायी झालेल्या हल्ल्यांमुळे येतं. पण त्याच देशात मोशी गावच्या त्वचारोग केंद्रात 'किलिसन' नावाचं सनस्क्रीन बनवून अशा लोकांना फुकट देतात. आपल्याकडे सनस्क्रीन म्हणजे सौंदर्यप्रसाधन. माझ्या पगारात ट्यूब बसते. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईच्या पोराला असंच असेल, तर तिनं ती कुठून आणावी? प्राथमिक आरोग्य केंद्रात लोहाच्या गोळ्यांशेजारी ती ठेवायला काय हरकत आहे?

13 जूनला अल्बिनिझम जागरूकता दिन असतो, आपल्या शाळा उघडायच्या सुमारास. त्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी भाषण ठेवू नये. वर्गात जाऊन बाक कुठं सरकवायचा तेवढं बघावं.